पगाराची तारीख

२८ ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेतल्या हवाई वाहतूक नियंत्रकांना पगाराची स्लिप मिळाली, तेव्हा हाती येणाऱ्या रकमेच्या रकान्यात शून्य होतं. आधीचे दोन आठवडे ते काही सुटीवर नव्हते. रडारसमोर बसून, कित्येक जण आठवड्याचे सहा-सहा दिवस, विमानं उतरवत होते. त्या दिवशी त्यांच्यातले काही जण ड्यूटी नसलेल्या वेळात विमानतळांबाहेर उभे राहून प्रवाशांना पत्रकं वाटत होते. पत्रकात संपाची हाक नव्हती. आपल्या लोकप्रतिनिधीला फोन करा आणि हे संपवायला सांगा, एवढंच मागणं होतं. म्हणजे पगार थकलेला माणूस गिऱ्हाइकाला सांगत होता की बाबा रे, माझ्या मालकाला जरा समजाव.

संसदेने खर्चाची तरतूद वेळेत मंजूर केली नाही की अमेरिकेचं केंद्र सरकार असं अडतं. आपली वर्तमानपत्रं या प्रकाराला कधी ‘शटडाउन’ म्हणतात, कधी ‘टाळेबंदी’. टाळेबंदी हा शब्द आपल्याला गिरणगावाने शिकवला: मालक फाटकाला कुलूप ठोकतो, कामगार बाहेर, काम बंद आणि पगारही बंद. २०२० मध्ये तोच शब्द करोनाने पळवला. अमेरिकेत जे होतं त्याला तो नीट बसत नाही. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस चाललेल्या, तोवरच्या सगळ्यांत लांब शटडाउनमध्ये साधारण १४ लाख सरकारी कर्मचाऱ्यांचा पगार अडला. त्यातले निम्म्याहून जास्त रोज कामावर जात होते. फाटक उघडं होतं, हजेरी लागत होती, चुकलं तर मेमोही मिळत होता. कुलूप होतं फक्त तिजोरीच्या एका कप्प्याला. एकाच, कारण निवृत्तांचे सोशल सिक्युरिटीचे पैसे वेळेवर जात होते, आणि टपालखातं स्वतःच्या कमाईवर चालत असल्याने तिथे पगार सुरू होते.

उरलेले साडेसहा-सात लाख ‘फर्लो’वर, म्हणजे बिनपगारी सक्तीच्या रजेवर. आपल्याकडे फर्लो तुरुंगाच्या बातम्यांत भेटतो, कैद्याची संचित रजा म्हणून. कैदी निदान खुशीने घरी जातो. इथे घरी बसवलेल्या कर्मचाऱ्याने ऑफिसचा ईमेल उघडून बघणंही नियमाबाहेर. बऱ्याच विभागांत दुसरीकडे चार पैसे कमवायचे तर आधी विभागाची परवानगी, आणि ती देणारा माणूस स्वतःच फर्लोवर गेलेला असू शकतो.

हे सगळं अमेरिकेच्या राज्यघटनेतच आहे, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. संसदेच्या मंजुरीशिवाय तिजोरीतून पैसा निघणार नाही, हे घटनेत आहे. नसलेल्या तरतुदीवर खर्च करू नये आणि फुकटची सेवाही घेऊ नये, असं सांगणारा कायदा एकोणिसाव्या शतकातला आहे. पण १९७० च्या दशकात अनेकदा तरतुदी वेळेवर मंजूर झाल्या नाहीत, तरी कचेऱ्या चालूच राहिल्या. काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, आज ना उद्या मंजुरी देईल हे सगळ्यांनी गृहीत धरलं, आणि काँग्रेसने ती दिलीही. एप्रिल १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांचे महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी मत दिलं की असं चालणार नाही, तरतूद संपली की विभागाने काम थांबवलं पाहिजे. लगेच १ मे १९८० ला फेडरल ट्रेड कमिशन एक दिवस बंद राहिलं. जानेवारी १९८१ मध्ये त्यांनी दुसरं मत देऊन सूट स्पष्ट केली: माणसाचा जीव आणि मालमत्ता यांच्या रक्षणाचं काम चालू ठेवता येईल. चालू ठेवता येईल ते काम. पगाराचं काय, हा प्रश्न तिथेच लटकत राहिला. ज्याचं काम महत्त्वाचं आहे म्हणूनच त्याला बिनपगारी राबवता येतं, अशी एक जात त्या दोन मतांमधून जन्माला आली.

थोडक्यात, वॉशिंग्टन आणि जेफरसन यांना शटडाउन ठाऊक नव्हता. एका वकिली सल्ल्यातून निघालेली ही प्रथा आहे आणि तिचं वय साधारण ४५ वर्षं. प्रथा म्हटली की मोडता येते, म्हणून हे सांगितलं.

आता मुद्द्याचं. शटडाउनच्या प्रत्येक चर्चेत कोणीतरी म्हणतंच, ‘अहो, शेवटी पै न् पै मिळतेच ना त्यांना!’ मिळते. आजवर प्रत्येक मोठ्या शटडाउननंतर काँग्रेसने थकलेला पगार दिला. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या ३५ दिवसांच्या शटडाउनमध्ये तर, तो चालू असतानाच, १६ जानेवारीला कायदा झाला की इथून पुढे थकीत पगाराची हमी असेल. कामावर राबलेल्यांनाही आणि घरी बसवलेल्यांनाही. रक्कम पक्की झाली. तारीख मात्र मोकळीच राहिली: शटडाउन संपल्यावर, होईल तितक्या लवकर.

माझे वडील एका अनुदानित शाळेत शिक्षक होते. एका वर्षी कुठल्याशा मंजुरीचा कागद वरच्या कचेरीत अडकला आणि शाळेतल्या सहा जणांचे पगार साडेतीन महिने थांबले. वाण्याकडे आमची वही होती. ‘गुरुजी, घाई नाही’ असं तो दर वेळी म्हणायचा, आणि ते ‘घाई नाही’ दर महिन्याला थोडं हळू येत गेलं. दुसऱ्या महिन्यापासून आई स्वतः दुकानात जायची बंद झाली आणि वही देऊन मला पाठवू लागली. लहान मुलाला कोणी हिशेब विचारत नाही. भिशीत त्या दिवाळीला आमचा नंबर होता, तो आईने न बोलता शेजारच्या काकूंना दिला, कारण पुढचे हप्ते भरायची खात्री नव्हती. पगार आला तेव्हा पूर्ण आला, एक रुपया कमी नाही. कागदोपत्री आमचं काहीच नुकसान झालं नव्हतं.

पगाराच्या रकमेवर घर चालत नाही, पगार अमुक तारखेला येणार या भरवशावर चालतं. घरभाडं, गाडीचा हप्ता, पाळणाघर, क्रेडिट कार्ड, सगळ्यांना तारखा असतात आणि त्यातली एकही काँग्रेसच्या मतदानाची वाट पाहत नाही. अमेरिकन सरकारी कर्मचाऱ्याला दर दोन आठवड्यांनी पगार होतो आणि बहुतेकांचं सगळं गणित त्या दोन आठवड्यांवर बेतलेलं असतं. ही मंडळी वॉशिंग्टनच्या संगमरवरी इमारतींत बसणारी असतात, हाही गैरसमजच. दर पाचातले चार तरी राजधानीच्या परिसराबाहेर राहतात: लहान गावातल्या विमानतळावर सामान तपासणारा, तुरुंगातला पहारेकरी, वणवे विझवणारा, हवामान केंद्रात रात्रपाळी करणारी.

सरकारलाही हे कळतं, आणि कळून ते काय करतं हे पाहण्यासारखं आहे. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्रीय कर्मचारी कार्यालयाने कर्मचाऱ्यांसाठी घरमालकाला पाठवायच्या पत्रांचे नमुने प्रसिद्ध केले. एका नमुन्यात सुचवलं होतं की भाड्याच्या काही भागाच्या बदल्यात मी रंगकाम, सुतारकाम अशी कामं करून देऊ शकेन. मग कळलं की नमुने २०१३ च्या शटडाउनचे होते, चुकून पुन्हा टाकले गेले. म्हणजे असं पत्र लिहायची कल्पना दोन शटडाउन जुनी! तटरक्षक दलाच्या कुटुंबांसाठीच्या एका पत्रकात सल्ला होता की घरातलं जुनं सामान विका, मुलं सांभाळा, लोकांची कुत्री फिरवा. टीका होताच तेही काढून टाकलं. तेव्हाचे वाणिज्यमंत्री विल्बर रॉस म्हणाले की कर्मचारी अन्नछत्रात का जातात हे मला समजत नाही, त्यांनी कर्ज काढावं. रॉस गडगंज श्रीमंत. पण मला त्यांचा राग येत नाही. मनातली गोष्ट उघड बोलले ते एकटेच. शटडाउनचा अर्थ तोच आहे: सरकार स्वतःच्या नोकराकडून बिनव्याजी उसने पैसे घेतं, आणि ती उसनवारी भागवायला नोकराने बाजारातून व्याजाने कर्ज काढावं.

उसनवारी म्हटलं की देणाऱ्याची संमती असते. इथे नाही. केंद्रीय कर्मचाऱ्याने संप करणं हा अमेरिकेत गुन्हा आहे. १९८१ मध्ये हवाई नियंत्रकांनी संप केला तेव्हा अध्यक्ष रेगन यांनी ११ हजारांहून अधिक जणांना एका फटक्यात काढून टाकलं. पत्रकात संपाची हाक का नव्हती, याचं हे उत्तर. राजीनामा द्यायचा किंवा आजारी पडायचं, एवढे दोनच मार्ग उरतात. २५ जानेवारी २०१९ ला व्हर्जिनिया आणि फ्लोरिडातल्या दोन नियंत्रण केंद्रांवर जेमतेम दहा जण कामावर आले नाहीत. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर येणारी विमानं थोपवावी लागली, आणि त्याच दिवशी ३५ दिवसांचा शटडाउन संपला. २०२५ मध्येही ७ नोव्हेंबरपासून ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करायला लागली आणि मग आठवडाभरात तडजोड झाली. दोन्ही वेळा लाखो कुटुंबांचे थकलेले पगार नेत्यांना हलवू शकले नाहीत. उशिरा सुटणाऱ्या विमानांनी हलवलं.

आणि ज्यांनी हलायचं त्यांचा पगार? तो थांबत नाही. काँग्रेसच्या सदस्याला वर्षाला १ लाख ७४ हजार डॉलर मिळतात. खासदारांना मोबदला मिळेल असं घटनाच सांगते, आणि त्यासाठी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कायमची तरतूद आहे, दरवर्षी मंजुरी लागत नाही. स्वतःच्या पगाराला कायमची तरतूद कशी करायची हे काँग्रेसला उत्तम ठाऊक आहे, असाच याचा अर्थ. काही सदस्य शटडाउनच्या काळात पगार नाकारतात. चांगलंच आहे. पण स्वेच्छेने सोडलेला पगार आणि हिसकावून घेतलेला पगार यांची चव वेगळी.

३१ मार्च २०२० ला महाराष्ट्र सरकारने काढलेला निर्णय इथे आठवतो. करोनामुळे महसूल आटला होता आणि मार्चचा पगार दोन टप्प्यांत द्यायचं ठरलं. लोकप्रतिनिधींना पहिल्या टप्प्यात ४० टक्के, अ आणि ब वर्गाला ५० टक्के, क वर्गाला ७५ टक्के, ड वर्गाला पूर्ण. पहिल्या दिवशी ‘कपात’ की ‘टप्पे’ यावरून बराच गोंधळ उडाला, कर्मचारी चिडले, आणि चिडणं रास्तच होतं. तरी त्या उतरंडीत एक समज होती: ज्याच्या घरी तारीख चुकली तर चूल अडते, त्याची तारीख चुकवू नका. याचा अर्थ आपलं सगळं आलबेल आहे असा मुळीच नाही. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर एसटीचे कर्मचारी बायकामुलांसह थकलेल्या पगारासाठी आंदोलन करत होते. पण आपल्याकडे अर्थसंकल्पावरून सरकारी पगार बंद पडत नाही, यामागे व्यवस्थेचं कारण आहे. लोकसभेत किंवा विधानसभेत खर्चाचं विधेयक पडलं तर सरकारच पडतं. ज्यांनी भांडण केलं त्यांची खुर्ची आधी जाते. मंजुरीला वेळ लागणार असेल तर लेखानुदान घेऊन गाडा चालू राहतो. अमेरिकेत अध्यक्षाची मुदत ठरलेली, सिनेटची ठरलेली, प्रतिनिधिगृहाची ठरलेली. कोणाचीच खुर्ची हलत नाही, म्हणून भांडणाचा भार खाली ढकलला जातो.

२०१९ च्या कायद्याने हे सुधारलं का? माझं मत थोडं वाकडं आहे: काही बाबतीत बिघडलं. थकीत पगाराची खात्री नव्हती तोवर नेत्यांच्या मनावर थोडं तरी ओझं असे. आता ‘मिळणारच आहे’ म्हणून ४३ दिवस ताणायला ते मोकळे झाले. करदात्याच्या बाजूनेही हा व्यवहार वेडाच आहे. सिनेटच्या एका उपसमितीने २०१३, २०१८ आणि २०१९ या तीन शटडाउनचा हिशेब मांडला तेव्हा निघालं की सक्तीने घरी बसवलेल्यांना नंतर दिलेला पगारच ३.७ अब्ज डॉलर, आणि वाया गेलेलं काम सुमारे ५७ हजार मनुष्य-वर्षांचं. कामावर येऊ नका असं सांगायचं आणि नंतर त्याचे पूर्ण पैसे मोजायचे, हा काटकसरीचा कोणता प्रकार?

बरं, ती खात्रीही किती खात्रीची? ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या एका मसुद्यात म्हटलं होतं की घरी बसवलेल्यांना थकीत पगार आपोआप मिळत नाही, काँग्रेसने वेगळी मंजुरी दिली पाहिजे. अध्यक्ष ट्रम्प यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, आपण कोणाबद्दल बोलतोय त्यावर अवलंबून आहे. शटडाउन चालू असतानाच चार हजारांच्या आसपास कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्याच्या नोटिसाही निघाल्या; सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायाधीश सुझन इल्स्टन यांनी त्या रोखल्या. शेवटच्या तडजोडीत नोटिसा मागे घेतल्या गेल्या आणि थकीत पगार पुन्हा लिहून घ्यावा लागला. कायद्यात असलेली गोष्ट पुन्हा लिहून घ्यावी लागते, तेव्हा आधीच्या कायद्याची किंमत कळते. याच काळात सैनिकांचा १५ ऑक्टोबरचा पगार संशोधनाच्या निधीतून वळवून दिला गेला, आणि सैनिकांच्या पगारासाठी म्हणून एका देणगीदाराने १३ कोटी डॉलर दिले. १३ लाख सैनिकांत वाटले तर माणशी शंभर डॉलर. महासत्तेच्या सैन्याचा पगार वर्गणीतून! आपल्या गल्लीतल्या गणेशमंडळालाही असा हिशेब करताना संकोच वाटेल.

हमी नसलेला एक वर्ग तर आणखी खाली आहे. सरकारी इमारतींत झाडलोट करणारे, पहारा देणारे, संग्रहालयाच्या उपाहारगृहात भांडी घासणारे बहुधा कंत्राटी असतात. त्यांचा बुडालेला पगार कायमचा बुडतो. याच वर्गाच्या वरच्या टोकाला आपली माणसं आहेत. व्हर्जिनिया आणि मेरिलँडमध्ये केंद्रीय विभागांच्या संगणक प्रकल्पांवर काम करणाऱ्यांत मराठी मंडळी बरीच, आणि ती बहुतेक कंत्राटदार कंपन्यांकडून आलेली असतात, कारण थेट केंद्रीय नोकरीला सहसा नागरिकत्व लागतं. प्रकल्पाला ‘काम थांबवा’चा आदेश आला की कंपनी आधी साठवलेल्या रजा वापरायला लावते. त्यात २०२५ मध्ये श्रम खात्याचं परदेशी कामगारांच्या अर्जांचं कामही थंडावलं, त्यामुळे नोकरी बदलायच्या बेतात असलेल्या एच-वन-बी वाल्यांचे कागद अडले. यांच्या घरांत अन्नछत्राची वेळ आली नाही, पण सप्टेंबर संपत आला की ‘काँग्रेसमध्ये काय चाललंय’ हा प्रश्न गणपतीच्या आरतीनंतरच्या गप्पांतही येतो.

उपाय नवा नाही. मुदतीत नवी तरतूद झाली नाही तर जुन्या तरतुदीवर खर्च आपोआप चालू राहावा, असा प्रस्ताव अमेरिकेत वर्षानुवर्षं मांडला जातो. त्यावरचा आक्षेप वजनदार आहे. खर्चाची किल्ली हे संसदेचं अध्यक्षावरचं सगळ्यांत मोठं शस्त्र; सगळं आपोआप चालू राहिलं तर ते बोथट होईल, आणि जुनाच खर्च सोयीचा असलेला अध्यक्ष वाटाघाटीला बसणारच नाही. मला हा आक्षेप पटतो. म्हणून माझी मागणी लहान आहे: खर्च अडवा, प्रकल्प अडवा, पगार अडवू नका. २३ ऑक्टोबर २०२५ ला सिनेटमध्ये अर्धीमुर्धी का होईना, अशी संधी आली होती. रिपब्लिकन रॉन जॉन्सन यांचं विधेयक कामावर असलेल्यांना पगार देणारं होतं. त्याला ५४ विरुद्ध ४५ मतं मिळाली, लागणार होती ६०. डेमोक्रॅट म्हणाले की यातून कोणाला पगार द्यायचा हे अध्यक्षाच्या मर्जीवर जाईल. मेरिलँडचे ख्रिस व्हॅन हॉलन यांचा आग्रह होता की द्यायचा तर घरी बसवलेल्यांनाही द्या. भीती खोटी नव्हती. पण दोन्ही बाजूंना पगार द्यायचा होता असं मानलं, तरी कोणालाच मिळाला नाही. ओलिसाला कोणी आधी सोडायचं यावर वाद, आणि ओलीस तिथेच.

न्यायालयाकडे जावं तर तिथली गंमत वेगळी. २०१३ च्या शटडाउनमध्ये राबलेल्या कर्मचाऱ्यांनी दावा केला की वेळेवर किमान वेतन न देणं हा कामगार कायद्याचा भंग आहे. खालच्या न्यायालयाने ते मानलं, भरपाईही देऊ केली. २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला: तरतूद नसताना पैसे देण्याची सरकारला कायद्यानेच बंदी आहे, म्हणून न देणं हा कायद्याचा भंग ठरत नाही. एका कायद्याने हात बांधायचे आणि बांधलेले हात दाखवून दुसऱ्या कायद्यातून सुटायचं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याच्या आधीच, फेब्रुवारी २०२१ मध्ये, वेगळा रस्ता धरला. आंध्र प्रदेश सरकारने करोनाच्या सुरुवातीला मार्च-एप्रिल २०२० चे पगार आणि मार्चचं निवृत्तिवेतन काही काळ रोखलं आणि नंतर पूर्ण दिलं. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि एम. आर. शाह यांच्या खंडपीठाने सांगितलं की नंतर दिलं एवढ्याने भागत नाही, उशिराचं ६ टक्क्यांनी व्याज द्या.

तोच दर अमेरिकेला लावून बघू. समजा दोन आठवड्यांचे २,००० डॉलर पाच आठवडे अडले. ६ टक्क्यांनी व्याज होतं साधारण साडेअकरा डॉलर. एवढ्यात वॉशिंग्टनमध्ये धड जेवणही होत नाही, आणि कोणा कर्मचाऱ्याचं त्याने काही भलं होणार नाही. पण ते साडेअकरा डॉलर द्यायचे तर कुठलं तरी लेखाशीर्ष उघडावं लागेल, आणि दरवर्षी अर्थसंकल्पात त्याच्यासमोर कारण लिहावं लागेल.